नवसाच्या लेकाला आईने सुनावलेली नऊ वचनं

मे महिन्यात मदर्स डे आला की ख्रिस्ती मित्रमंडळींच्या स्टेटसवर बायबलमधला एक अध्याय हमखास दिसतो, नीतिसूत्रे या पुस्तकाचा ३१ वा. लग्नाच्या उपासनेत तोच, कुणाची आई गेली की प्रार्थनेतही तोच. सद्गुणी बाईचं मोल मोत्यांपेक्षा जास्त, ती अंधार असताना उठते, लोकर कातते, घरच्यांच्या पोटापाण्याचं बघते, असं सगळं वर्णन आहे. पण हे वर्णन सुरू होतं दहाव्या वचनापासून. त्याच्या आधीची नऊ वचनं कुणीच शेअर करत नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्या नऊ वचनांत एक आई स्वतःच्या तोंडाने बोलतेय, आपल्या मुलाशी, आणि तो मुलगा राजा आहे. बऱ्याच जणांनी मला विचारलंय की हे नक्की कोण कुणाला म्हणतंय, आणि दारूचं मध्येच काय आलं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी हे पुस्तक कुठलं ते बघू

ज्यू लोकांच्या धर्मग्रंथाला तनाख म्हणतात. त्याचे तीन भाग: तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, मग संदेष्ट्यांची पुस्तकं, आणि मग उरलेले लेख. ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात तो मुळात हाच, फक्त पुस्तकांचा क्रम वेगळा. नीतिसूत्रे तिसऱ्या भागात येतं. एकूण ३१ अध्याय, मूळ भाषा हिब्रू.

पुस्तक शलमोन राजाच्या नावावर आहे पण आत एकट्या शलमोनाचं बोलणं नाहीये. २५ व्या अध्यायाच्या सुरुवातीला सरळ लिहिलंय की ही वचनं हिज्कीया राजाच्या माणसांनी उतरवून घेतली, आणि हिज्कीया शलमोनानंतर दोनेकशे वर्षांनी झाला. ३० वा अध्याय आगूर नावाच्या कुणाचा आहे, आणि ३१ व्याची सुरुवात अशी की ही लमुएल राजाची वचनं, त्याच्या आईने त्याला शिकवलेली. म्हणजे नाव मुलाचं आणि शब्द आईचे.

हे किती वेगळं आहे ते कळायला त्या काळचं बाकीचं साहित्य बघावं लागतं. मुलाला उपदेश करायचा हा प्रकार तेव्हा जुनाच होता. इजिप्तमध्ये पत्ताहोतेपने मुलाला केलेला उपदेश प्रसिद्ध आहे, आमेनेमोपेचा तर इतका जवळचा आहे की नीतिसूत्रेच्या २२ ते २४ या अध्यायांतला बराच भाग त्याच्याशी जुळतो हे अभ्यासकांच्या १९२४ च्या सुमारास लक्षात आलं. पण बोलणारा जवळपास प्रत्येक ठिकाणी बाप. इजिप्तच्याच आनी नावाच्या लेखनिकाचा उपदेश आहे, त्यात आईबद्दल फार सुंदर सांगितलंय, की आईने तुला जी भाकर दिली ती दुप्पट करून परत दे, तिने तुला पोटात वाहिलं, तीन वर्षं अंगावर पाजलं, तुला लिहायला शिकायला घातलं तेव्हा ती रोज तुझ्यासाठी घरची भाकर आणि बिअर घेऊन यायची. वाचताना गलबलून येतं. पण हेही सांगतोय बापच. आई तिथे आठवणीत आहे, बोलत नाहीये.

नीतिसूत्रेत मात्र आईचा अधिकार पहिल्याच अध्यायात मान्य केलाय: मुला, बापाचा बोध ऐक आणि आईची शिकवण सोडू नकोस. सहाव्या अध्यायात परत तेच, वर असं की ही शिकवण गळ्यात बांधून ठेव, चालताना ती तुला वाट दाखवेल, झोपलास की राखण करेल, जागा झालास की तुझ्याशी बोलेल. पूर्ण पुस्तकभर आई-बाप असे जोडीने येतात. आणि शेवटच्या अध्यायात येते एकटी आई, तिचा सलग उपदेश.

हा लमुएल कोण?

इस्राएल आणि यहूदा या ज्यूंच्या दोन जुन्या राज्यांच्या राजांची जी यादी तनाखमध्ये आहे तिच्यात लमुएल नावाचा कुणीही नाही. जुन्या ज्यू शिक्षकांनी म्हटलं की हे शलमोनाचंच दुसरं नाव, म्हणजे आई बथशेबा, दावीद राजाची राणी. आजचे बरेच अभ्यासक म्हणतात की हा बाहेरचा राजा असावा, उत्तर अरबस्तानाच्या बाजूचा, कारण या वचनांतल्या हिब्रूत शेजारच्या अरामी भाषेची छटा आहे.

मला स्वतःला दुसरं जास्त पटतं, आणि पटण्यापेक्षा आवडतं जास्त. परक्या देशातल्या, कदाचित परक्या देवाला मानणाऱ्या एका आईचं बोलणं ज्यूंनी आपल्या पवित्र ग्रंथात जपून ठेवलं, त्यातलं काही गाळलं नाही, आणि तिचं नावही माहीत नसताना तिच्या शब्दांना अध्यायाच्या सुरुवातीची जागा दिली. पण शलमोनवाली परंपराही सोडून देण्यासारखी नाही, तिच्यात एक जबरदस्त गोष्ट आहे, ती पुढे सांगतो.

तीनदा "काय रे"

उपदेशाची सुरुवातच बघा. तिचं पहिलं वाक्य आपल्या बोलीत आणलं तर साधारण असं होतं: काय रे माझ्या लेका? काय रे माझ्या पोटच्या पोरा? काय रे माझ्या नवसाच्या बाळा?

पुढे प्रश्न पूर्ण होत नाही. काय रे, एवढंच. काय करतोयस तू हे, की काय सांगू तुला आता, की काय होणार तुझं, ते वाचणाऱ्याने भरून घ्यायचं. आणि तीन हाकांमध्ये ती मागे मागे जाते: आधी लेक, मग पोटात होता तेव्हाचा, मग पोटातही नव्हता तेव्हाचा, फक्त नवस होता तेव्हाचा. म्हणजे तू राजा व्हायच्या, जन्माला यायच्याही आधीपासून मी तुझी आहे, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे. पुढे जे कडक बोलणं येणार आहे त्याची परवानगी ती अशी घेते. दरबारात राजाला तोंडावर असं बोलायची कुणाची हिंमत होती? तिची होती.

नवसाचा म्हटलं की तनाखमधली हन्ना आठवतेच. मूल होत नाही म्हणून शिलोच्या देवस्थानात जाऊन रडत रडत नवस करते, ओठ हलतायत आणि आवाज नाही, म्हणून तिथला याजक एली समजतो की बाई पिऊन आलीय आणि तिला दारू सोड म्हणून दटावतो. ती सांगते, महाराज, प्यायलेली नाहीये, मन मोकळं करतेय. मग शमुवेल होतो, आणि बोलल्याप्रमाणे दूध तुटल्यावर ती त्याला देवस्थानात नेऊन सोडते. दरवर्षी यज्ञाला जाताना त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून न्यायची, एवढंच लिहिलंय. पोरगा दरवर्षी वाढतोय आणि ही घरी बसून अंदाजाने माप घेतेय. ज्यू नववर्षाच्या पहिल्या दिवशी सभास्थानात तिची ही कथा वाचतात.

राजाला दारू नको, मग गरिबाला का द्यायची?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. लमुएलची आई म्हणते, राजांनी द्राक्षारस पिणं शोभत नाही, अधिकाऱ्यांनी मद्याची हाव धरू नये. आणि लगेच दोन वचनांनी म्हणते, जो मरायला टेकलाय त्याला मद्य दे, ज्याचं मन कडू झालंय त्याला द्राक्षारस दे, त्याला पिऊन आपली गरिबी विसरू दे. लोक विचारतात, ही कसली शिकवण, गरिबाला दारू पाजा म्हणजे तो गप्प बसेल असं तर नाही ना?

उत्तर तिच्या कारणात आहे. राजाने का प्यायची नाही, तर पिऊन तो कायदा विसरेल आणि पिचलेल्या माणसाचा न्याय उलटा करेल म्हणून. लिव्हर खराब होईल, बदनामी होईल, राज्य जाईल, पाप लागेल, यातलं एकही कारण तिने दिलेलं नाही. एसटीत मागच्या सीटवरच्या प्रवाशाने डुलकी काढली तर कुणाचं काही बिघडत नाही, ड्रायव्हरला मात्र ती मुभा नाही, कारण त्याच्या भरवशावर पन्नास माणसं बसलीयत. तेवढाच फरक ती करतेय. विसरणं दुःखी माणसासाठी औषध आहे आणि ज्याच्या हातात दुसऱ्याचं नशीब आहे त्याच्यासाठी गुन्हा आहे.

त्या काळी राजा म्हणजेच सर्वात वरचं कोर्ट होतं हे लक्षात घ्या. बाया-माणसं थेट त्याच्यासमोर जाऊन गाऱ्हाणं मांडायची. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात एक शूनेमची बाई आहे, दुष्काळात सात वर्षं गाव सोडून गेलेली, परत येऊन राजाकडे आपलं घर आणि शेत मागते आणि राजा एक माणूस नेमून तिचं सगळं परत मिळवून देतो, मधल्या वर्षांच्या उत्पन्नासकट. तो राजा त्या दिवशी पिऊन पडलेला असता तर?

आणि पिऊन पडलेले राजे होतेच. एला नावाचा इस्राएलचा राजा, जेमतेम दोन वर्षं गादीवर. राजधानी तिरसा, तिथे त्याच्या घरकारभाऱ्याच्या, अर्साच्या घरी तो पिऊन झिंगलेला असताना जिम्री नावाचा त्याचाच अधिकारी, अर्ध्या रथांवरचा प्रमुख, आत येतो आणि त्याला मारून टाकतो. शेजारच्या अराम देशाचा राजा बेन-हदाद तर युद्ध चालू असताना भर दुपारी आपल्या ३२ मांडलिक राजांबरोबर तंबूत पीत बसला आणि हरला. ऐकणाऱ्यांना ही उदाहरणं माहीत असणार.

आता गरिबाला दारू देण्याचं. ज्यू शिक्षकांनी हे वचन अक्षरशः पाळलेलं दिसतं. तालमुद म्हणजे त्यांच्या शिक्षकांच्या चर्चांचा मोठा संग्रह, त्यात नोंद आहे की मृत्युदंडाला नेत असलेल्या माणसाला द्राक्षारसात ऊद घालून देत, म्हणजे त्याची शुद्ध हरपेल, आणि आधार म्हणून हेच वचन दिलंय. हा पेला यरुशलेमच्या प्रतिष्ठित बायका स्वखर्चाने पुरवायच्या, असंही तिथे लिहिलंय. एका आईचं वाक्य, आणि त्यावरून कितीतरी पिढ्यांनंतर बायकांनीच मरणाऱ्या कैद्यासाठी पेला भरायचा. मला या सगळ्या विषयातली ही सर्वात हलवून टाकणारी गोष्ट वाटते.

मग तनाख दारूच्या विरोधात आहे का? नाही. स्तोत्रांमध्ये द्राक्षारस माणसाचं मन आनंदी करतो असं कौतुक आहे, आणि शब्बाथची, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारपर्यंतच्या ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाची, सुरुवात आजही द्राक्षारसाच्या पेल्यावर आशीर्वाद म्हणून होते. यिर्मया संदेष्टा एका वाईट राजाला सुनावताना म्हणतो, तुझ्या बापाने खाल्लं-प्यायलं नाही का, तरी तो न्यायाने वागला, गरिबाचा कज्जा त्याने चालवला. तो बाप म्हणजे योशीया. म्हणजे मोजायचं ते गरिबाला न्याय मिळाला की नाही, यावर.

"बायकांच्या नादी लागू नको" हे बायकांच्या विरोधात नाही का?

तिसऱ्या वचनात ती म्हणते, आपलं बळ बायकांना देऊ नकोस. आज वाचताना खटकतं, आणि खटकावंही. पण बोलणारी स्वतः बाई आहे आणि बहुतेक राजवाड्याच्या जनानखान्यातच तिचं आयुष्य गेलंय. तिथे काय चालतं ते तिच्याइतकं कुणाला माहीत? राजाने अनेक लग्नं करायची, प्रत्येक लग्न म्हणजे एक राजकीय तह, प्रत्येक राणीच्या मागे तिचं माहेर, तिचा मुलगा, तिचा गट. त्याच वचनात पुढे "राजांचा नाश करणारे मार्ग" असं म्हटलंय, त्यावरून मला वाटतं तिला ही सगळी भानगड दिसतेय.

आणि शलमोनाचीच गोष्ट घ्या. ७०० राण्या, ३०० उपपत्नी. म्हातारपणी त्याचं मन भरकटलं असं राजांचं पुस्तक म्हणतं. तो गेल्यावर लोक त्याच्या मुलापुढे येऊन काय म्हणाले, तर तुमच्या वडिलांनी आमच्यावर जड जू लादलं होतं, ते हलकं करा. मुलाने ऐकलं नाही आणि राज्याचे दोन तुकडे झाले.

तरीही ते वाक्य आजच्या मुलासमोर जसंच्या तसं ठेवावं असं मी म्हणणार नाही. जनानखान्याचा संदर्भ काढला की ते नुसतं बायकांना दोष देणारं राहतं.

रब्बींनी रंगवलेली बथशेबा

आता ती जबरदस्त गोष्ट. तनाखमध्ये जे मोघम सोडलंय ते ज्यू शिक्षकांनी, म्हणजे रब्बींनी, कथा रचून भरून काढलं. अशा कथांना मिद्राश म्हणतात. एक मिद्राश अशी: यरुशलेमचं मंदिर बांधायला सात वर्षं लागली, त्या सात वर्षांत शलमोनाने द्राक्षारसाला हात लावला नाही. काम पूर्ण झालं, आणि त्याच रात्री फारोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, मुलीशी त्याचं लग्न झालं आणि त्या रात्री तो प्यायला. मंदिराच्या किल्ल्या त्याच्या उशाखाली होत्या. सकाळचे चार तास उलटले तरी राजा झोपलेला, दार बंद, सकाळचा यज्ञ अडलेला. राजाला उठवणार कोण? मग आई आत गेली.

तालमुदमध्ये तर असं आहे की तिने त्याला खांबाला बांधलं आणि मग तीन हाकांचा अर्थ एकेक करून सांगितला. काय रे माझ्या लेका: तुझा बाप देवभीरू होता हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा तू बिघडलास तर लोक म्हणणार आईनेच बिघडवला. काय रे पोटच्या पोरा: तुझ्या बापाच्या घरातल्या बाकीच्या बायका पोट राहिलं की राजाच्या समोर जायच्या नाहीत, मी मात्र धडपडून गेले, का तर तू धट्टाकट्टा निपजावास म्हणून. काय रे नवसाच्या बाळा: बाकीच्या राण्यांनी नवस केला की मला गादीला शोभेल असा मुलगा होऊ दे, मी म्हटलं मला चपळ आणि तोरा मुरलेला मुलगा दे.

हे इतिहास म्हणून वाचायचं नाही, तसा रब्बींचाही दावा नाहीये. पण आईचं मन त्यांनी किती बारीक पकडलंय. पोरगं बिघडलं की बोल आईलाच लागतो, हे दीड हजार वर्षांपूर्वीच्या पुरुषांनी लिहून ठेवलंय.

राजांच्या पुस्तकातली बथशेबा थोडी वेगळी आहे. म्हाताऱ्या दावीदाकडे जाऊन ती मुलासाठी गादी मागते. शलमोन राजा झाल्यावर ती दरबारात येते तेव्हा तो उठून सामोरा जातो, तिला वाकून नमस्कार करतो, उजव्या हाताला आसन मांडायला लावतो. राजमातेचा मान तेवढा होता, यहूदाच्या बहुतेक राजांच्या नोंदीत आईचं नाव आवर्जून दिलेलं असतं. पण त्याच भेटीत ती अदोनीयासाठी, म्हणजे शलमोनाच्या सावत्र भावासाठी, एक मागणं घेऊन आलेली असते, आणि शलमोन ते फेटाळून अदोनीयाला मारायचा हुकूम देतो. मान दिला, शब्द ऐकला नाही.

आईचा सल्ला नेहमीच चांगला असतो का?

तनाख तसं अजिबात म्हणत नाही, आणि मला ते फार प्रामाणिक वाटतं.

रिबका घ्या. तिचा नवरा इसहाक आंधळा झालाय, आशीर्वाद थोरल्या मुलाला, एसावला देणार, आणि तिला तो धाकट्या याकोबाला मिळायला हवाय. ती दोन करडं मागवते, कालवण करते, एसावचे कपडे याकोबाला घालते, हातांवर आणि मानेवर करडांची कातडी गुंडाळते, कारण एसाव केसाळ. याकोब घाबरतो, बापाने ओळखलं तर शाप मिळेल. ती म्हणते, तुझा शाप माझ्यावर येवो बाळा, तू फक्त माझं ऐक. प्रेम यापेक्षा मोठं काय असणार. आणि परिणाम काय, तर एसाव जिवावर उठतो म्हणून ती याकोबाला भावाकडे हारानला पाठवते, थोडे दिवस राहा म्हणून. त्या थोड्या दिवसांची वीस वर्षं होतात. मायलेकरांची परत भेट झाल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. तिच्या दाईच्या मरणाची नोंद आहे, तिच्या नाही.

आणि अथल्या. तिचा मुलगा अहज्या यहूदाचा राजा होता, आणि इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात एका ओळीत निकाल लावलाय: दुष्टपणाने वागायचा सल्ला त्याला त्याची आईच द्यायची. मुलगा मेल्यावर तिने राजघराण्यातल्या वारसांची कत्तल केली आणि स्वतः गादीवर बसली.

या सगळ्यांच्या शेजारी लमुएलच्या आईला ठेवलं की तिचं वेगळेपण दिसतं. रिबकाने बोलताना फक्त याकोब बघितला, समोर फसणारा आंधळा नवरा आणि रडणारा दुसरा मुलगा तिच्या हिशोबात नव्हते. लमुएलची आई मुलाकडे बघत असताना त्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसांकडे पण बघतेय. तिच्या नऊ वचनांत मुलाच्या सुखाबद्दल, आयुष्याबद्दल, शत्रूंबद्दल, वारसाबद्दल एक शब्द नाही. आहे ते मरायला टेकलेला माणूस, कडू मनाचा माणूस, मुका, निराधार, गरीब, गरजू. एवढे सगळे.

तोंड उघड

शेवटची दोन वचनं म्हणजे तिच्या बोलण्याचा गाभा. जो बोलू शकत नाही त्याच्यासाठी तू तोंड उघड, निराधारांच्या हक्कासाठी. तोंड उघड, न्यायाने निवाडा कर, गरिबाची बाजू घे.

मुका म्हणजे फक्त वाचा नसलेला का? संदर्भ कोर्टाचा आहे, त्यामुळे ज्याच्या बोलण्याला तिथे किंमत नाही असा प्रत्येक जण यात आला, वकिली करायला कुणी नाही, साक्षीदार नाही, ओळख नाही, असा. आणि न्यायाधीशाने नुसतं निःपक्षपाती बसून राहायचं असंही ती म्हणत नाही, त्याच्या वतीने तू बोल म्हणते. दोन वेश्या एका तान्ह्या मुलावरून भांडत शलमोनासमोर येतात ती प्रसिद्ध कथा या नजरेने परत वाचा. साक्षीदार कुणी नाही, हे त्या बाया स्वतःच सांगतात, घरात आम्ही दोघीच होतो. आणि ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे त्या बाळाला बोलता येत नाही. राजाने त्यांना हाकलून दिलं असतं तर कुणी जाब विचारला नसता, पण तो ऐकतो.

हे खरंच आईचे शब्द की पुरुषाने लिहिलेले?

लिहून घेणारे पुरुष होते, यात शंका नाही. लमुएलच्या नावावर ते आलंय, कुठल्यातरी लेखनिकाने उतरवलंय, आणि ती आई ऐतिहासिक आहे हे सिद्ध करायला आपल्याकडे काही नाही. पण माझं म्हणणं एवढंच की लिहिणाऱ्याला हा उपदेश बापाच्या तोंडी घालणं सोपं होतं, सगळी रीत तशीच होती, तरी तो आईच्या नावावर ठेवला गेला. ऐकणाऱ्यांना ते अशक्य किंवा विचित्र वाटलं नाही. यावरून राजवाड्यातली आई मुलाला राज्यकारभारातलं सांगते हे लोकांच्या ओळखीचं होतं असं समजायला हरकत नाही.

मग ती सद्गुणी बाई कोण?

दहाव्या वचनापासूनची कविता वेगळी रचना आहे. हिब्रूत २२ अक्षरं, तिची २२ वचनं, प्रत्येक वचन पुढच्या अक्षराने सुरू. जुन्या ग्रीक भाषांतरात तर लमुएलच्या आईची वचनं आणि ही कविता एकत्र नाहीतच, मध्ये पाच अध्याय आहेत. त्यामुळे ही कविता म्हणजे लमुएलच्या आईने सांगितलेली सुनेची अपेक्षा, असं जे काही जण समजतात त्याला पक्का आधार नाही.

पण हिब्रू प्रतीत कुणीतरी दोन्ही शेजारी ठेवली आणि मला वाटतं विचार करून ठेवली. आईने राजाला सांगितलं गरिबासाठी तोंड उघड, आणि कवितेतली बाई गरिबासाठी मूठ उघडते आणि तोंड उघडते ते शहाणपणाने. शिवाय ती शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, कापड विकते. शुक्रवारी संध्याकाळी अनेक ज्यू घरांत जेवणाआधी ही कविता गातात, गूढवादी ज्यू मंडळींनी साधारण चारशे वर्षांपूर्वी पाडलेली ही पद्धत.

आणि मराठीत?

आपल्याकडे हे पुस्तक परकं नाही. कोकणातले ज्यू म्हणजे बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना शनिवार तेली म्हणायचे ते, मराठीच बोलत आले आणि १९ व्या शतकाच्या शेवटी त्यांनी तनाखमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं केली.

आणि पंडिता रमाबाई. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते या आईने, तीर्थयात्रेची भटकंती चालू असताना. पुढे १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई-वडील दोघं गेले. रमाबाईंनी १८८७ मध्ये आलेलं आपलं इंग्रजी पुस्तक आईलाच अर्पण केलं. १८८३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या रमाबाई पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून बसल्या आणि पूर्ण बायबल साध्या बायकांना समजेल अशा मराठीत आणायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. "आईची शिकवण सोडू नकोस" हे वचन त्यांनी थेट हिब्रूवरून मराठीत लिहिलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, भाषांतर त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून निघालं. जुनी प्रत कुणाच्या घरी, चर्चच्या कपाटात असेल तर तिच्यातला ३१ वा अध्याय आणि आत्ताच्या बायबलमधला शेजारी ठेवून वाचून बघा, आणि वाचताना जरा मोठ्याने वाचा, कारण मुळात ते एका आईने मुलाला तोंडी सांगितलेलं आहे.